राजाच्या कानातला ठिपका

भिंगकाकांना कुणी फसवू शकत नाही, असं सगळे म्हणत. काका स्वतः असं काही म्हणत नसत, पण दुसरं कुणी म्हटलं की "छे छे" म्हणायचेही नाहीत.

धंदा त्यांचा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. बाजाराच्या मागच्या बोळात लांबट दुकान. भिंतीवर पितळी पारडी टांगलेली, टेबलावर सोनाराचे नाजूक काटे काचेच्या पेट्यांत, आणि दाराशी पोती तोलायचा एक जुना लोखंडी काटा, माणूस सहज उभा राहील एवढा. नाण्यांचा नाद त्यांना इथेच लागला. हाताशी अचूक वजनं, डोळ्याशी भिंग, आणि गिऱ्हाईक नसताना भरपूर वेळ. आणखी काय लागतं माणसाला वाया जायला? पुढे फोनवर जुनी नाणी जमवणाऱ्यांचा ग्रुप झाला, ऑनलाइन लिलाव सुरू झाले, आणि काकांचा हा नाद गावोगावच्या लोकांच्या उपयोगी पडायला लागला. कुणीतरी लिलावातला फोटो टाकायचं, "काका, घेऊ का?" आणि काका सांगायचे, घे किंवा पळ.

बहुतेक वेळा पळच. काका आधी नाणं बघायचेच नाहीत, विकणाऱ्याला बघायचे. "खातं कधी उघडलंय बघ. परवा! चांगले शेरे किती? चाळीस! कशाबद्दल? मोबाइलची कव्हरं आणि चमचे विकल्याबद्दल. आणि आज हा गृहस्थ शंभर वर्षांपूर्वीचं चांदीचं नाणं विकतोय. का, तर आजोबांच्या पेटीत सापडलं. अरे, ह्या सगळ्यांचे आजोबा एकच की काय? आणि परत घेणार नाही, कडेचा फोटो देणार नाही, पैसे मात्र लिलावाच्या बाहेरून पाठवा म्हणे. शहाणाच की!" मग नाण्याकडे वळायचे. ओतीव नाण्याच्या अक्षरांच्या कडा वापरलेल्या साबणासारख्या गुळगुळीत दिसतात. कडेवरचा सांधा घासून काढलेला असतो.

पण त्यांची खरी नजर होती जखमांवर. जुनं नाणं पडतं, आपटतं, खरचटतं. दोन नाणी एकाच जागी, एकसारखी कधीच खरचटत नाहीत. खऱ्या नाण्यावरून कुणी साचा काढला, तर खऱ्यावरचे ओरखडेही त्यात उतरतात, आणि मग त्या साच्यातून निघालेलं प्रत्येक नाणं तीच जखम घेऊन जन्माला येतं. "दोन नाण्यांवर एकच जखम दिसली की समजा, साचा आहे," हे वाक्य ग्रुपमधल्या नवख्यांनाही तोंडपाठ झालं होतं.

आणि एक नियम काकांनी ग्रुपला लावून दिला होता. नाणं खोटं ठरलं की छिन्नी लावायची, हातोडा मारायचा, सरळ दोन तुकडे, आणि तुकड्यांचा फोटो सगळ्यांना दाखवायचा. "नाहीतर आज तुम्ही फसलात, उद्या तेच कुणाच्या तरी गळ्यात मारायचा मोह तुम्हालाच होईल. मला माणसं माहीत आहेत." हळहळत का होईना, लोक कापायचे. काकांचा शब्द होता ना.

आता त्यांच्या घरातल्या नाण्याविषयी सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

काकांना एक मुलगी होती. घरात तिला चिंगी म्हणत. भयंकर बडबडी. शाळा सुटली की दुकानात यायची आणि त्या लोखंडी काट्यावर उभी राहून हुकूम सोडायची, "बाबा, तोला मला!" काका दांडीवरचं वजन सरकवून तिला तोलायचे आणि म्हणायचे, "अर्धं वजन तर तुझ्या जिभेचंच आहे." एकदा काका गिऱ्हाइकाशी बोलत असताना चिंगीने टेबलावरचं चांदीचं नाणं उचललं. चांगलं, जपलेलं, दाढीवाल्या राजाचं नाणं. तिने कंपासपेटीतलं कर्कटक काढलं आणि राजाच्या कानाच्या पाळीत टोचून, जोर लावून लावून, एक ठिपका पाडला. कर्कटकाचं टोकसुद्धा वाकलं.

"हे काय केलंस?" काका ओरडले.

"कानातलं घातलं. त्याला काहीच नव्हतं."

"अगं बये, आता हे विकता येणार नाही मला!"

"मग नको विकू," चिंगी म्हणाली. विषय संपला.

पुढच्याच वर्षी ती तापाने गेली. सकाळी अंग गरम लागलं, आणि आठवडा संपायच्या आत घर रिकामं. ह्याच्याविषयी जास्त बोलून काय करायचं? जे व्हायचं ते झालं. दारातल्या काट्याच्या दांडीवरचं वजन काकांनी तिला शेवटचं तोललं होतं तिथेच राहू दिलं. पोती घेऊन कुणी आलं तर सांगायचे, काटा नादुरुस्त आहे. काटे दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात नादुरुस्त काटा! लोक हसायचे. हसू देत.

आणि नाणं गेलं काकूंकडे. दुपारी आडवं होताना काकू ते मुठीत घ्यायच्या आणि ठिपक्यावर अंगठा ठेवून डोळे मिटायच्या. ते मुठीत नसेल त्या दिवशी त्यांचा डोळा लागायचा नाही. काकांनी त्या नाण्याला पुन्हा कधी भिंग लावलं नाही. भिंगाखाली ठिपका फार मोठा दिसतो, त्यांना ते सहन होत नसे.

वर्षं गेली. अंगठ्याखाली राजाची दाढी झिजली. ठिपका असाच पुसून गेला तर? काका रोज स्वतःलाच विचारायला लागले. त्यांचा एक जुना मित्र होता, सगळे त्याला फोटोवाला म्हणत. विक्रेत्यांसाठी नाण्यांचे फोटो काढायचा. हात असा, की नाण्यावरची धूळसुद्धा रुबाबदार दिसावी. काकांनी काकूंची समजूत घातली, नाणं त्याच्याकडे नेऊन दिलं. "असा फोटो काढ, की ठिपका कायमचा राहील."

आठ-दहा दिवसांनी फोटोवाल्याने झकास चौकटीतला फोटो आणि नाणं, दोन्ही घरी आणून दिलं. चहा घेतला. पैसे घेतले नाहीत. "वहिनी, मी परका आहे का?" म्हणाला. काकूंनी नाणं मुठीत घेतलं आणि म्हणाल्या, "गार लागतंय."

"बाहेरून आलंय ना," काका म्हणाले.

पुढे नाण्याची कड जराशी तांबूस दिसायला लागली. काकूंनी विचारलं, तर काका म्हणाले, "हाताचा घाम. चांदी आहे, पडते लालसर." दुसऱ्या कुणी त्यांना असं सांगितलं असतं ना, तर काकांनी त्याला दुकानातून हाकलून दिलं असतं. चांदी काळी पडते, तांबडी नव्हे, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण ते नाणं त्यांच्या हिशेबी नाणं नव्हतंच मुळी. ते चिंगीचं होतं. चिंगीला कोण पारखायला बसतो!

ह्याला तीन वर्षं झाली, आणि एके दिवशी दुकानात, भर दुपारी, कुणीतरी लिलावातला फोटो पाठवला. काका, घेऊ का?

दाढीवाला राजा. कानाच्या पाळीत ठिपका.

काकांच्या हातातून भिंग पडलं. दुकान तसंच उघडं टाकून ते घरी धावले. काकू झोपल्या होत्या. काकांनी त्यांची मूठ हळूच उघडली. नाणं होतं. राजा होता, ठिपका होता. त्यांचा जीव भांड्यात पडला आणि ते तिथेच फरशीवर बसले. काकू जाग्या झाल्या. "काय हो? घामाघूम का?" काका म्हणाले, "ऊन आहे बाहेर."

दुसऱ्या आठवड्यात दुसरा विक्रेता, तोच ठिपका. मग तिसरा, मग एकदम तिघे. कुठल्या कुठल्या अनोळखी तळहातांवर, टेबलांवर, प्लॅस्टिकच्या पाकिटांत तो राजा बसलेला असायचा, कानात चिंगीने घातलेलं कानातलं घालून. काकांना वाटायला लागलं, पोर हातात कर्कटक घेऊन लोकांच्या घरांतून हिंडतेय. दार लोटते, टेबलाशी उभी राहते, जीभ बाहेर काढून, जोर लावून टोचते, आणि पुढच्या घरी जाते. आपल्याच घरी तेवढी येत नाही. दुकानात एकटे असले की दारातल्या काट्याची दांडी टक्‌ करून हलल्यासारखी वाटायची. बोळातून हातगाडी गेली असेल, असं ते स्वतःला सांगायचे. मान वर करून बघायचे मात्र नाहीत. हसायचं काही कारण नाही. तुमच्या लेकीच्या हाताची खूण बाजारात डझनाने विकायला आली असती, म्हणजे कळलं असतं.

शेवटी काका नाण्याऐवजी फोटोच्या कडेकडे बघायला लागले. सहा विक्रेते, सहा नावं, सहा आजोबा. आणि प्रत्येकाच्या एका तरी फोटोत नाण्याखाली तेच करडं कापड, कोपऱ्यात एक धागा ओढला गेलेलं. ते कापड काकांनी ओळखलं. त्यांच्या घरातल्या चौकटीतल्या फोटोतही तेच होतं.

फोटोवाल्याचा नंबर बंद. काका त्याच्या स्टुडिओवर गेले, तर तिथे आता शिलाई मशीनवाला बसलेला. "ते गेले की केव्हाच. कुठे, त्याची ताकास तूर लागू दिली नाही कुणाला. तुमचंही काही राहिलंय का त्यांच्याकडे?"

"नाही," काका म्हणाले. "माझं मला परत मिळालंय."

हे ते मनापासून म्हणाले, बरं का. इथेच घोडं पेंड खात होतं. मित्राने आपल्या नाण्यावरून साचा काढला, एवढं त्यांना दिसलं. परत काय आणून दिलं, हा प्रश्न त्यांच्या मनाला शिवला नाही. दुसऱ्याच्या नाण्याबाबत तो त्यांनी सगळ्यात आधी विचारला असता.

त्या संध्याकाळी त्यांनी ग्रुपवर लिहिलं. "दाढीवाल्या राजाच्या कानात ठिपका दिसला, की नाणं खोटं. अपवाद नाही. खरं एकच आहे आणि ते माझ्या घरात आहे. ज्यांनी घेतलं असेल त्यांनी कापा. एकही शिल्लक ठेवू नका."

मग तुकड्यांचे फोटो यायला लागले. रोज दोन, रोज चार. राजाचं तोंड मधोमध चिरलेलं, आणि चांदीच्या मुलाम्याखाली पोट तांबडं. काका प्रत्येक फोटोखाली लिहायचे, शाबास. काकूंना त्यांनी ह्यातलं काही सांगितलं नव्हतं. रात्री जेवताना मात्र पूर्वीपेक्षा एक पोळी जास्त खायचे. पोरीला घरोघरी हिंडायला लावणाऱ्यांचा बंदोबस्त होतोय असं त्यांना वाटत होतं. प्रत्येक तुकड्यागणिक ती एकेका घरातून निघतेय, आपल्याकडे येतेय.

आणि एक दिवस एका नर्सबाईंचा फोटो आला. ग्रुपमध्ये फारसं न बोलणारी बाई. दोन तुकडे, स्वच्छ पांढऱ्या रुमालावर.

काकांनी सवयीने शाबासमधलं शा लिहिलं, आणि बोट थांबलं.

तुकड्यांची कापलेली कड पांढरी होती. कडेपासून कडेपर्यंत चांदी. तांबडं कुठेच नाही.

त्यांनी फोटो मोठा केला. कानातला ठिपका खोल होता, जरासा तिरका, आणि त्याच्या काठावर टोकाने बाहेर सारलेल्या धातूचा बारीकसा ओठ उभा होता. साच्यातून निघालेल्या ठिपक्यांना असा ओठ नव्हता. ते सगळे बोथट, बशीसारखे.

काकांनी फोन लावला.

"काका? बरोबर कापलं ना मी?" नर्सबाई म्हणाल्या. "हात धजावत नव्हता हो. सगळ्यांच्या आधी घेतलं होतं मी, तीन वर्षांपूर्वी, तेव्हा हे असलं काही बाजारात नव्हतंही. माझं पहिलंच नाणं. पण तुम्ही म्हणालात अपवाद नाही. मग म्हटलं, काकांचा शब्द मोडायचा नाही."

"बरोबर कापलंत," काका म्हणाले. दुसरं काय म्हणणार? त्या बाईच्या पदरात काय टाकणार? "तुकडे मला पाठवाल? जपून."

"तुकडे? त्यांचं काय करणार?"

"ठेवीन."

फोन ठेवल्यावर ते उठले, टेबलावरचा सोनाराचा काटा पुसला, पुन्हा पुसला. घरी जाऊन काकूंच्या मुठीतलं नाणं आणायचं, पारड्यात टाकायचं, एका मिनिटाचं काम. आयुष्यभर तेच केलं होतं. पण आता उपयोग नव्हता, आणि त्यांना ते आधीच कळलं होतं. फोटोवाल्याने पहिलं खोटं नाणं काकांच्याच घरात चालवून बघितलं होतं. भिंगकाकांच्या घरात खपलं, म्हणजे कुठेही खपेल! मग खरं विकून टाकलं. काका त्या रिकाम्या दुकानात मोठ्याने रडले. दाराशी गिऱ्हाईक आलं होतं, ते तसंच परत गेलं.

पाकीट आलं. काकांनी ते दोन दिवस खिशात वागवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ते घरी आले, तेव्हा काकू आडव्या व्हायच्या बेतात होत्या. काकांनी पाकीट उघडून दोन्ही तुकडे चादरीवर ठेवले. छिन्नी राजाच्या डोळ्यातून गेली होती. कान वाचला होता, गव्हाच्या दाण्याएवढ्या अंतराने.

काकूंनी तुकड्यांकडे बघितलं. मुठीतल्या नाण्याकडे बघितलं. उठल्या, कपाटातून चिंगीची कंपासपेटी काढली. आतलं कर्कटक गंजलं होतं, टोक अजून तसंच वाकडं. त्यांनी मुठीतलं नाणं मांडीवर ठेवून ते टोक ठिपक्यात टेकवलं. टोक घसरलं. पुन्हा टेकवलं, पुन्हा घसरलं. मग कानाचा तुकडा घेतला. टोक ठिपक्यात गेलं आणि कुलपात किल्ली बसावी तसं बसलं. काकूंनी हात काढून घेतला. कर्कटक तसंच उभं राहिलं, तिरकं, चिंगीने धरलं असेल तसं.

दोघंही त्या उभ्या कर्कटकाकडे बघत राहिले. कुणी हलेना. हललं की ते पडणार होतं.

"हे कुणी तोडलं?" काकूंनी विचारलं.

"मी," काका म्हणाले. "छिन्नी दुसऱ्याची होती. पण तोडलं मीच." आणि मग सगळं सांगितलं, ग्रुपवर काय लिहिलं तेसुद्धा, शब्दाला शब्द. "एकही शिल्लक ठेवू नका म्हणालो गं मी. लोकांना हुकूम सोडून मारलं मी तिला."

"वेड्यासारखं बोलू नका," काकू म्हणाल्या. पण त्यांनी काकांकडे बघितलं नाही. मांडीवरचं नाणं उचलून विचारलं, "मग हे कुणाचं?"

"कुणाचंच नाही. दे इकडे. ह्यालाही छिन्नी लावतो."

काकांनी हात पुढे केला. काकूंनी मूठ मिटली.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं घेऊन झोपलेय मी ह्याला. आपण खोटे आहोत हे त्याला कुठे ठाऊक आहे?"

त्यांनी कर्कटक आडवं केलं आणि दोन्ही तुकडे एकमेकांना लावून कंपासपेटीत ठेवले. मग भिंतीकडे तोंड करून, मूठ छातीशी धरून आडव्या झाल्या. काका झाकण लावायला गेले, तर ते बसेना. छिन्नीने तुकड्यांच्या कडा वर उचलल्या होत्या. त्यांनी झाकण हाताने दाबून धरलं, आणि काकूंचा डोळा लागायची वाट बघत तसेच बसून राहिले. त्या दुपारी काकूंचा डोळा लागला नाही.